उघडी राहिलेली दिंडी

आमच्या अकलूजला नीरेच्या काठी एक भुईकोट किल्ला आहे. पावसाळा सरला, की चित्रकलेच्या तासाची मुले घेऊन मी दरवर्षी तेथे जातो. हल्ली आत शिवचरित्रातील प्रसंगांची शिल्पे मांडलेली आहेत आणि सुटीच्या दिवशी पाहुण्यांची बरीच वर्दळ असते; पण मी मुलांना बसवतो ते तटाकडे तोंड करून. माणसे काढण्याआधी भिंत काढता आली पाहिजे, असे माझे जुने मत आहे.

एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, भिंत इथंच निराळी का दिसते?"

"तिथं डागडुजी झालीय."

"मग चित्रात ती दाखवायची का लपवायची?"

मी त्याला "दाखव" म्हणालो खरा, पण घरी परत येताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, राज्याभिषेक असतात. डागडुजी मात्र कुठे दिसत नाही. कोणत्या गवंड्याने कोणते भगदाड कोणत्या पावसाळ्यापूर्वी बुजवले, याची नोंद कोण ठेवणार? आणि तरीही गड उभे राहिले ते त्या नोंद न झालेल्या माणसांमुळेच. वाचकहो, यंदाच्या दिवाळीला मी तुम्हाला अशाच एका डागडुजीचा इतिहास सांगणार आहे. ती दगडाचुन्याची नव्हे. ती आपल्या घरातल्या, टेबलावर कापड पांघरून ठेवलेल्या जुन्या संगणकाची आहे. मी मॅट्रिक झालेला, चित्रकला शिकवणारा आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. या शास्त्रातला मी अधिकारी नव्हे. पण ज्याच्या घरी एकदा चोरी झाली, त्याला कुलपांविषयी बोलण्याचा थोडा हक्क मिळतो.

ती चोरी आधी सांगतो.

२००८ साली मी एक वापरलेला संगणक विकत घेतला. त्यावर विंडोज एक्सपी होती आणि मराठी टंकलेखनाचा जुना संच होता. माझ्या दोन कादंबऱ्या मी त्यावरच टंकल्या. पण त्या यंत्रावर खरोखर मोलाचे असे एकच काम झाले. २०११ च्या हिवाळ्यात आई माझ्या शेजारी पाटावर बसली आणि जात्यावरच्या ओव्या सांगू लागली. ती सांगे आणि मी टंकत जाई. वहीत उतरवून घ्यावे, असे मला वाटलेही नाही. उलट थेट यंत्रावर उतरवतो याचा मला मोठा अभिमान होता. महिनाभरात दोनशे चौदा ओव्या झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.

२०१३ च्या दिवाळीच्या सुटीत एक कथा छापून घेण्यासाठी मी पेन ड्राइव्ह घेऊन बाहेर गेलो, परत आलो आणि तो पुन्हा यंत्रात खुपसला. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होईना. दुरुस्तीला आलेल्या माणसाने विचारले, "आत काही महत्त्वाचं आहे का? सगळं पुसून नव्यानं बसवावं लागेल." ओव्यांची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर आहे, या भरवशावर मी म्हणालो, "पुसा." संध्याकाळी पेन ड्राइव्ह उघडला, तर आत फायलींची नावे तेवढी होती, फायली नव्हत्या.

त्या माणसाचा यात काही दोष नव्हता. त्याने जाताना मला एवढेच विचारले, "सर, अपडेट बंद का ठेवले होते?" मी ते बंद ठेवले होते, कारण तेव्हा मी इंटरनेटसाठी जो नेट सेटर वापरत होतो त्याचा डेटा महिन्याच्या वीस तारखेलाच संपत असे आणि हे अपडेट तो गुपचूप पिऊन टाकतात, अशी माझी तक्रार होती. पुढे मला कळले, की पेन ड्राइव्ह खुपसताक्षणी त्यातली आज्ञा आपोआप चालू होण्याची जी सोय एक्सपीत होती, ती बंद करणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्येच पाठवून दिले होते. म्हणजे आई माझ्याजवळ ओव्या सांगत बसली होती, त्याआधीच गवंडी दारात येऊन उभा होता. पैसेही मागत नव्हता. मीच त्याला आत घेतले नव्हते.

आता मूळ गोष्टीकडे वळू. ही भगदाडे पडतात तरी कशी?

संगणक चालतो तो माणसांनी लिहून ठेवलेल्या आज्ञांवर. विंडोजसारख्या व्यवस्थेत अशा आज्ञांच्या कोट्यवधी ओळी असतात. कादंबरीच्या तीनशे पानांत माझ्या हातून शुद्धलेखनाच्या शंभर चुका होतात. मग कोट्यवधी ओळींत किती होत असतील? बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. पण काही चुका अशा असतात, की त्यांतून परका माणूस आत शिरू शकतो. गड बांधताना कोणी मुद्दाम वाट ठेवलेली नसते. कडा चढता येणार नाही, असे समजून ती बाजू तशीच सोडलेली असते.

हिरकणीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि घरी तान्हे बाळ असलेली गवळण कडा उतरून गेली. तेथे पुढे बुरूज बांधला गेला, असे आख्यायिका सांगते. ही गोष्ट आपण मातेच्या मायेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजू पाहा. त्या रात्री गडाला कळले, की आपला एक कडा उतरता येतो. आणि जो उतरता येतो तो चढताही येईल. हिरकणीला शिक्षा झाली नाही, तिचा गौरव झाला आणि ती वाट बंद करण्यात आली. आज मोठमोठ्या संगणक कंपन्या, जो कोणी आमच्या तटातले भगदाड प्रामाणिकपणे दाखवून देईल त्याला बक्षीस देऊ, असे जाहीर करतात. आपल्याला ही रीत काही नवी नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांविषयी जे प्रकरण आहे, त्यातही एक सूक्ष्म विचार आहे. गडाला दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. पण रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असा त्याचा आशय आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेले हे वाक्य आजच्या कोणत्याही संगणकरक्षकाला तोंडपाठ असावे असे आहे. जी सोय आपण वापरत नाही, तीच शत्रूच्या उपयोगी पडते. माझ्या एक्सपीतली ती आपोआप चालू होण्याची सोय अशीच एक दिंडी होती.

आणि जी वाट येण्याजोगी नाही असे आपण समजतो, तिच्याविषयी आमच्या अकलूजला तरी कोणी निराळे सांगायला नको. १६८९ च्या आरंभी औरंगजेबाची छावणी अकलूजला होती. सह्याद्रीतल्या अवघड घाटवाटांनी मुकर्रबखान वेगाने संगमेश्वरावर उतरला आणि संभाजीमहाराज कैद झाले. ती बातमी बादशहाला मिळाली ती याच गावी. या वाटेने फौज येणार नाही, या समजुतीची किंमत महाराष्ट्राने कशी मोजली, हे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही.

संगणकांच्या जगाला असा पहिला मोठा धक्का बसला तो २ नोव्हेंबर १९८८ रोजी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या तरुणाने एक छोटी आज्ञावली सोडून दिली. ती एका संगणकावरून दुसऱ्यावर आपणहून जाई. टपाल पोचवणाऱ्या आज्ञावलीतली एक चूक, वापरणाऱ्यांची माहिती सांगणाऱ्या आज्ञावलीतली दुसरी चूक आणि लोकांचे सोपे परवलीचे शब्द, अशा तीन दिंड्यांतून ती शिरत गेली. तेव्हा इंटरनेटवर सारे मिळून साठ हजारांच्या आसपास संगणक होते. त्यांपैकी सुमारे सहा हजार ठप्प झाले, असा अंदाज आहे. त्याच महिन्यात अशा संकटांची वर्दी देणारे पहिले केंद्र अमेरिकेत निघाले. भारतात असे केंद्र, 'सर्ट-इन', जानेवारी २००४ पासून काम करू लागले.

आपल्या महाराष्ट्रात या लढाईची सुरुवात पुण्यातल्या एका लहानशा दुरुस्तीच्या दुकानात झाली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. पुढे संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुन्हा पुन्हा व्हायरसनेच बिघडलेली दिसत. तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी तो व्हायरस शोधून काढणारी आज्ञावली लिहिली. त्यातूनच 'क्विक हील' उभे राहिले आणि २०१६ साली ती कंपनी शेअर बाजारात पोचली. मात्र येथे एक फरक ध्यानात घ्यावा. अँटिव्हायरस हा देवडीवरचा पहारेकरी आहे. तो चोराला चेहऱ्याने ओळखतो. सुरक्षेचे अपडेट हा गवंडी आहे. चोर कोण याची त्याला फिकीर नसते, तो भगदाड बुजवतो. पहारेकरी कितीही जागरूक असला, तरी भिंत पडलेली असेल तर तो एकटा काय करणार?

हा गवंडी पूर्वी वेळीअवेळी येई. जुलै २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधले एक मोठे भगदाड बुजवणारे अपडेट दिले. लोकांनी ते बसवले नाही. ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' नावाचा किडा त्याच भगदाडातून लाखो संगणकांत शिरला. त्यानंतर ऑक्टोबर २००३ पासून कंपनीने वार ठरवून टाकला: दर महिन्याचा दुसरा मंगळवार. आठवडी बाजाराला जसा वार ठरलेला असतो, तसाच. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते, म्हणून अपडेट आपल्याला दिसते ते बहुधा बुधवारी.

या व्यवस्थेत एक विचित्र गोष्ट आहे. भगदाड बुजवले की ते कोठे होते हे सर्वांना कळते, चोरांनाही. नवा गिलावा पाहून ते अंदाज बांधतात आणि ज्यांनी अजून भिंत बुजवलेली नाही त्यांची घरे शोधत निघतात. म्हणून अपडेट आल्यानंतरचे दिवस हे न बसवणाऱ्याच्या दृष्टीने आधीच्या दिवसांपेक्षा अधिक धोक्याचे असतात. हे मला ठाऊक असते, तर 'बसवू सावकाश' असे मी म्हणालो नसतो.

२०१७ सालची गोष्ट याची मोठी साक्ष आहे. १४ मार्च रोजी अपडेट आले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली. तिने फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. दीडशेच्या आसपास देशांतली दोन लाखांहून अधिक यंत्रे सापडली. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांनी रोग्यांना परत पाठवले. मधले एकोणसाठ दिवस भिंत बुजवायला मोकळे होते. त्या वेळी सगळे एक्सपीला दोष देत होते, आणि एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ लाच थांबलेली असूनही कंपनीने अपवाद म्हणून तिच्यासाठी तातडीचे अपडेट दिले. पण पुढे हिशेब झाला तेव्हा दिसले, की बाधित झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती. म्हणजे ज्यांना अपडेट मिळत होते, पण ज्यांनी ते बसवले नव्हते. मोडकळीस आलेल्या घरांपेक्षा दार न लावलेली घरेच अधिक लुटली गेली.

मात्र गवंड्यावर आंधळा विश्वास ठेवा, असेही मी म्हणणार नाही. त्याच वर्षी २७ जून रोजी 'नॉटपेट्या' आला आणि तो थेट आपल्या दारी पोचला. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम त्याने थांबवले आणि तेथे कंटेनर साचत गेले. हा उपद्रव सुरू झाला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या अपडेटमधून! शत्रूने गवंड्याच्या घमेल्यातच विष कालवले होते. आणि १९ जुलै २०२४ रोजी तर शत्रूची गरजही लागली नाही. क्राउडस्ट्राइक या रक्षक कंपनीच्याच एका सदोष अपडेटने जगातली सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज यंत्रे बंद पाडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. म्हणून नियम असा, की अपडेट ते मूळ ठिकाणाहूनच, यंत्राच्या आतल्या ठरलेल्या जागेतूनच घ्यावे. पडद्यावर अचानक उगवणाऱ्या 'तुमचे यंत्र धोक्यात आहे' अशा पाटीवरून कधीही नाही. आणि बसवण्याआधी आपल्या कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. घर रंगवायच्या आधी आपण देव्हारा हलवतो, तसे.

आज आमच्या घरी दोन संगणक आहेत. नव्यातला म्हणावा तोही २०१५ सालचा. त्यावर आधी विंडोज ७ होती, मग १० आली. २०२५ सालच्या लक्ष्मीपूजनाच्या आठवडाभर आधी, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबली. विंडोज ११ त्याला चालत नाही. तिला लागणारी नव्या घडणीची सुरक्षा-चिप आणि प्रोसेसर त्याच्यात नाहीत. घरगुती यंत्रांसाठी कंपनीने आणखी एक वर्षाची सुरक्षा-अपडेटे देऊ केली, तेव्हा आमच्या मुलीने यंत्राचे नाव त्यात नोंदवून टाकले.

त्यापूर्वी अनेक महिन्यांची अपडेटे तुंबून राहिली होती. आम्ही दोघे ती बसवायला बसलो. आधी माझे लेखन बाहेरच्या डिस्कवर उतरवले. मग जागा मोकळी केली, कारण अपडेटला स्वतःलाच अंग पसरायला बरीच जागा लागते. इन्व्हर्टर चार्ज झाला आहे ना, ते पाहिले. भिंत अर्धी पाडलेली असताना वीज गेली, तर पूर्वीपेक्षा वाईट अवस्था होते. आणि मग आम्ही वाट पाहू लागलो. आकडा तीस टक्क्यांवर जो थांबला तो हलेना.

"अहो, ते अजून गोलच फिरतंय का?" स्वयंपाकघरातून हाक आली. चकल्यांचे पीठ भिजले होते.

"बाबा, बंद नका करू हं," मुलीने बजावले. "जुनं आहे, वेळ लागणारच."

रात्री साडेअकराला यंत्र दोनदा बंद होऊन आपणहून सुरू झाले आणि पडद्यावर नेहमीचे चित्र आले. काहीही बदललेले दिसत नव्हते. डागडुजीचे यश हेच असते. ती दिसत नाही.

दुसरा संगणक तो एक्सपीचा. त्याला आता कोणताही गवंडी येत नाही. पण माझ्या जुन्या कादंबऱ्यांच्या नंतर सापडलेल्या फायली जुन्या टंकात आहेत. नव्या यंत्रावर त्या उघडल्या की अक्षरांऐवजी चिन्हांचा बाजार दिसतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांत आणि लेखकांच्या घरी जुनी यंत्रे याच कारणाने जपून ठेवलेली आढळतात. ते मी टाकून देऊ शकत नाही. मग मी अमात्यांचा सल्ला घेतला. त्याची इंटरनेटची तार काढली. पेन ड्राइव्ह आपोआप चालू होण्याची सोय बंद केली. रोजच्या राबत्याला लागते तेवढे एकच दार ठेवले आणि बाकीच्या दिंड्या चिणल्या. सुटीत रोज दहा पाने त्यावर उघडतो आणि पाहून पाहून नव्या यंत्रावर युनिकोडमध्ये टंकतो. काम संपले, की त्या म्हाताऱ्या यंत्राला निरोप द्यायचा आहे.

आणि ओव्या? गेल्या त्या गेल्या. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिला आईच्या साठएक ओव्या पाठ होत्या. दर भाऊबीजेला ती आली, की ओवाळून झाल्यावर आम्ही दोघे बसतो. ती आठवत आठवत सांगते. कधी दोन नव्या आठवतात, कधी एकही नाही. आज आमच्याकडे एकाहत्तर आहेत. त्या मी आधी वहीत लिहितो, मग यंत्रावर, मग बाहेरच्या डिस्कवर. आणि एक प्रत अक्काच्या घरी टेंभुर्णीला असते.

मागच्या खेपेला अक्का लिहवता लिहवता मध्येच थांबली आणि म्हणाली, "अरे, आईची ही ओवी अशी नव्हती. मधला शब्द मी घातलाय, मला आठवेना म्हणून. राहू दे का काढू?"

मला किल्ल्यावरचा तो सातवीतला मुलगा आठवला.

"राहू दे," मी म्हणालो. "फक्त तो शब्द तुझा आहे, असं शेजारी लिहून ठेवतो."

दिवाळीत आपण घर झाडतो, भिंती सारवतो, रंगवतो, दाराच्या बिजागरीला तेल घालतो. यंदा त्या फेरीत टेबलावरच्या त्या झाकलेल्या यंत्राचेही कापड एकदा उचला. गवंडी कदाचित दारात उभा असेल. त्याला आत घ्या. आणि त्याआधी, जे पुन्हा सांगायला कोणी उरलेले नाही, त्याची एक प्रत काढून ठेवा.